कॉफी उतरायला तीन दिवस

मंचर, ३० सप्टेंबर २०२४

अंकित,

फोन तू उचलत नाहीस. पप्पांच्या फोनवरून केला तरी माझा आवाज आला की कट करतोस. म्हणून पोस्टाने लिहितेय. लहानपणी घरात आलेलं प्रत्येक पाकीट तूच फोडायचास, लग्नपत्रिकासुद्धा. हेही फोडशील, मला माहीत आहे.

चेतनाला जाऊन तेवीस दिवस झाले. तिसऱ्या दिवसाचं उठावणं झालं आणि दुसऱ्या दिवशी तू समृद्धीला घेऊन पुण्याला गेलास. गाडीत बसताना चार माणसांत म्हणालास, "मम्मी, तू तिला उपाशी मारलंस." शेजारचे रखमाजी तिथंच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. माझी काय अवस्था झाली असेल?

जबरदस्तीने कुणाची अठाई होते का रे? आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. मनात नसेल तर माणूस दुपारीच उठून डबा उघडतो. ती स्वतः हात जोडून बसली होती. जैन स्थानकातल्या सगळ्या बायकांनी पाहिलंय.

आणि गोळ्यांचं म्हणशील, तर तू कंपनीच्या कामाला कोइमतूरला होतास, पाचव्या दिवशी तुझा फोन आला, तू विचारलंस, "गोळ्या घेते ना ती?" मी म्हटलं, "घेते रे बाबा." कारण मला ती तसंच म्हणाली होती. गेलेल्या माणसावर ढकलू नये, पण तिने तुलाही अंधारात ठेवलं आणि मलाही. मी काय तिच्या तोंडात बोट घालून बघणार होते?

तुला बायकोचं सगळं गोडच दिसायचं. मी चौदा वर्षं काय पाहिलं ते ऐक. सकाळी पाचला घर उठतं. दूध, पाणी उकळणं, पप्पांचं दुकानाचं आवरणं, समृद्धीचा डबा. बाईसाहेब आठ वाजता मागच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेल्या, हातात कॉफीचा मग. एक झाली की दुसरी. अकरा वाजता तिसरी. आणि त्यात चिमूटभर मीठ! कॉफीत मीठ, आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हणायचे, "काय गं, कॉफी पितेस का आमटी?" ती हसायची. उत्तर द्यायलाही अंगात जीव नसल्यासारखी हसायची. मला वाटायचं, मिजास आहे.

दोन वर्षांपूर्वी तुला रजा मिळेना म्हणून पुण्याच्या डॉक्टरकडे तिला मीच घेऊन गेले होते. आठ वाजता रक्त द्यायचं होतं, त्याआधी कॉफी प्यायची नव्हती. पोरगी कॉफीशिवाय माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली ती चाकण गेलं तरी उठेना. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. किडनीवर दोन बारक्या ग्रंथी असतात, त्यातून कॉर्टिसोल म्हणून एक रस निघतो. पहाटे तो वाढतो तेव्हा माणूस अंथरुणातून उठतो. ताप आला, उपास घडला, घरात भांडण झालं, की शरीर तो जास्त सोडतं आणि माणूस निभावून नेतो. हिच्यात तो फार थोडा आहे, म्हणून हा थकवा, ही मिठाची ओढ, आणि म्हणून गोळ्या रोज घ्यायच्या. मी विचारलं, "मग एवढी कॉफी पिते तरी हुशारी का येत नाही?" ते म्हणाले, "आजी, विहिरीला पाणी नसताना तुम्ही मोटर चालू करताय."

मग विचारलं, "घरात काही ताण आहे का हिला?" मी हसले. म्हटलं, "कसला ताण, दोन वेळचं बसून खाते." चेतना फरशीकडे बघत होती.

मी हे लपवलं नाही, तुला तेव्हाच येऊन सांगितलं होतं. म्हणजे मला आजार माहीत होता. मग मी जाणूनबुजून का मारेन तिला? एवढा तरी विचार कर.

समृद्धीच्या डब्याला थालीपीठ देत जा. बाहेरचं नको.

मम्मी


मंचर, १६ जानेवारी २०२५

अंकित,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. ठीक आहे. संक्रांतीला तिळाची वडी केली नाही यंदा.

साळुबाईने काम सोडलं. बावीस वर्षं अवसरीहून येत होती, पाऊस असो की पाटाला पाणी असो. परवा भांडी घासून झाली, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "बाई, उद्यापासनं मी यायची न्हाई." पगार वाढवते म्हटलं. "पगाराचं न्हाई वो. त्या पायरीवर पोरगी दिसती मला." आणि गेली. मोलकरणीला दिसते म्हणे. मी तर रोज त्याच पायरीवर बसते.

ते आठ दिवस तुला कुणी नीट सांगितलेच नाहीत, म्हणून सांगते. तुझ्याकडे लोकांनी सांगितलेलं पोचलं असेल. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पर्युषणाचा पहिला दिवस. ती म्हणाली, "मम्मी, मी दोन उपवास करून बघू का?" मला एवढा आनंद झाला! मी म्हटलं, दोन कशाला, हळूहळू अठाई होईल. साध्वीजींसमोर उपवासाचा नेम, पचखाण घ्यायला गेलो. त्यांनी विचारलं, "काही औषधपाणी चालू नाही ना?" चेतनाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. सगळ्या बायका म्हणाल्या, कॉफी उतरतेय. मला पक्कं माहीत होतं, कारण राजुरीला माहेरी असताना मी अठाई केली तेव्हा माझा चहा सुटला होता. तीन दिवस कपाळात हातोडे पडत होते, चौथ्या दिवशी पीस होऊन फिरले. तेच मी तिला सांगितलं. म्हटलं, कॉफी उतरायला तीन दिवस, मग बघ कशी हलकी होतेस.

तिसऱ्या दिवशी बायका साता-खुशाली विचारायला यायला लागल्या. तिच्या पाया पडायच्या, डोक्याला तेल लावायच्या, गाणी म्हणायच्या. आणि अंकित, खरं सांगते, ती खुलली होती. चौदा वर्षांत या घरात तिला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी पण नव्हतं म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझी सून वाघीण निघाली." ती माझ्याकडे बघतच राहिली.

चौथ्या दिवशी डोकं थांबलं. बघ, बरोबर होते ना मी? पण ती उठेना. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "मम्मी, नुसतं जिभेवर मीठ ठेवलं तर उपवास मोडतो का?" मी हसले. म्हटलं, वेडी का तू. सहाव्या दिवशी उलट्या. तपस्येत पित्त पडतंच, सगळ्यांचं पडतं. साळुबाई फरशी पुसत होती, तिने तिचं तोंड वर करून बघितलं आणि मला मोरीपाशी बोलावून म्हणाली, "बाई, ह्ये कॉफीचं न्हाई. माज्या मालकाची दारू सुटली तवा लई हाल झालं, पर त्येच्या हिरड्या अशा काळ्या न्हवत्या पडल्या. पोरीला डाक्टराला दावा." मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

सातवा दिवस, गणपती बसायचा दिवस. सकाळी ती न्हाणीघराच्या दारात पडली. डोळे उघडे, पण ओळख नाही. दवाखान्यात नेली. सलाईन लावलं, साखर दिली. डॉक्टरांनी जे विचारलं त्याची उत्तरं दिली. दुपारी म्हणाले पुण्याला हलवा. रस्त्यावर जागोजागी मूर्ती आणायच्या गाड्या, ढोल. राजगुरुनगरच्या पुढे ती गेली. तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

एवढंच झालं. आता यात माझं काय चुकलं ते मला लिहून कळव. पारण्याच्या पत्रिका छापून आल्या होत्या, कोपऱ्यावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. तो पप्पांनी स्वतः शिडी लावून काढला. दुकानातून माणूस बोलावला नाही.

मम्मी


मंचर, १२ मे २०२५

अंकित,

मला तीन महिने झोप नाही. पहाटे छाती धडधडून जाग येते. तोंड सुजलंय, रक्तदाब वाढलाय. पप्पांनी बळेच तपासायला नेलं. सकाळी आठ वाजता रक्त घेतलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, तुमचं कॉर्टिसोल वाढलेलं आहे, मनावर कसला ताण आहे का?

तोच शब्द, तोच प्रश्न. मी म्हटलं, घरात कसला ताण. आणि अंकित, माझ्या तोंडून ते निघालं आणि मी तिच्यासारखीच फरशीकडे बघायला लागले.

तिच्यात जे नव्हतं ते माझ्यात उतू चाललंय. हा कसला न्याय म्हणायचा?

डॉक्टर म्हणाले, कॉफी किती घेता? आता तुला सांगायला काय जातंय. चेतना गेल्यापासून तिच्या डब्यातली कॉफी मी प्यायला लागले होते. आधी एक कप, टाकून कशाला द्यायची म्हणून. मग दोन. मग डबा संपला तर नवा आणला, त्याच कंपनीचा. पायरीवर बसून प्यायचे. पाच-पाच कप व्हायचे. डॉक्टरांनी सांगितलं, कॉफीने तुमचं आणखी चढतंय, आजपासून बंद.

बंद केली. मी लेचीपेची नाही. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं. कपाळ ठणकलं, जांभया आल्या, पप्पांवर खेकसले. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी साफ.

बस, तेवढंच. उलटी नाही. मी उभी राहू शकत होते. जिना चढले, पोळ्या लाटल्या, दुकानात जाऊन बसले. जिभेवर मीठ ठेवावंसं वाटलं नाही. हिरड्या आरशात पाहिल्या, गुलाबी होत्या.

कॉफी उतरते म्हणजे काय ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. ती उतरत होती ती कॉफी नव्हती. आणि मला वाटतं चौथ्या दिवशी तिचं डोकं थांबलं आणि ती तरी उठली नाही, तेव्हाच मला हे कळलं होतं. आतून कळलं होतं. पण कळलेलं आपण ऐकलं पाहिजे ना.

तू पप्पांना रविवारी फोन करतोस, मी दाराआड उभी राहून ऐकते. परवा समृद्धी बोलत होती. पप्पांनी विचारलं, बाळा, तुझ्या मम्मीची आठवण येते का? ती म्हणाली, "नाही येत. तिला माझ्यापेक्षा फ्लेक्स मोठा होता. माझे पप्पा म्हणतात तिने सगळ्यांशी खोटं बोलून गोळ्या बंद केल्या."

नऊ वर्षांची पोर. पप्पांनी फोन ठेवला आणि दोन तास दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला आज आणखी लिहिवत नाही.

मम्मी


मंचर, संवत्सरीचा दुसरा दिवस, ऑगस्ट २०२५

अंकित,

आज घरोघर लोक एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात. सकाळपासून माझ्याकडे सतरा माणसं येऊन गेली. सगळ्यांना मी क्षमा केली, त्यांनी मला केली. कशाबद्दल, ते कुणाला माहीत नाही. फार सोपं असतं ते.

तुझ्याकडे मी आज क्षमा मागत नाही. आधी ऐक.

पहिली गोष्ट. साध्वीजींनी औषधाचं विचारलं तेव्हा चेतनाने मान हलवली असं मी लिहिलं होतं. तिने मान हलवली नाही. तिने तोंड उघडलं होतं, बोलणार होती. मी आधी बोलले. म्हटलं, "नाही महाराजसाहेब, हिला फक्त कॉफीचं व्यसन आहे." सगळ्या हसल्या. ती पण हसली, तिची ती हसायची रीत. गेल्या आठवड्यात मी यंदाच्या साध्वीजींपाशी एकटी जाऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजारी माणसाने औषध घ्यावं, धर्माची आडकाठी नाही. आम्ही विचारतो ते ऐकण्यासाठीच विचारतो, बाई." म्हणजे एका शब्दाने थांबलं असतं.

दुसरी गोष्ट. ती मला कधीच म्हणाली नव्हती की गोळ्या घेतेय. मला माहीत होतं, बंद आहेत. तुला फोनवर "घेते रे बाबा" म्हणाले ते खोटं होतं. ती शेजारीच झोपली होती. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी फोन तिच्या हातात दिला नाही.

का केलं? मी स्वतःला रोज विचारते. राजुरीला माझी अठाई झाली असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. झाली नव्हती. सहाव्या दिवशी मी कोठीत लपून गूळ खाल्ला आणि आठव्या दिवशी तपस्येच्या मिरवणुकीत घोड्यावर बसले. माझं खोटं पारणं सगळ्या गावाने पाहिलं. मला वाटलं, या घरात एक तरी खरी अठाई होऊ दे. माझ्या नशिबात नव्हती, तर हिच्या हातून होऊ दे. बघ माझी अक्कल.

तिसरी गोष्ट. सहावा दिवस, दुपारचे चार. उलटी झाली होती. ती भिंत धरत धरत कपाटापाशी गेली, गोळ्यांची पट्टी काढली. हाताला एवढा कंप की गोळी निघेना. नखाने कागद फाडला. मी पट्टी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, "दोनच दिवस राहिलेत, बेटा. पत्रिका गेल्यात सगळीकडे." ती म्हणाली, "मम्मी, द्या ना. समृद्धीची चाचणी परीक्षा आहे सोमवारी, तिला बेरजेत हातचा कळत नाही. मला उठायला पाहिजे."

नाव, फ्लेक्स, पारणं, यातलं काहीच नाही आलं तिच्या तोंडात. हातच्याची बेरीज आली. साळुबाई दारात बादली घेऊन उभी होती. तिने ऐकलं. म्हणून तिला ती पायरीवर दिसते.

मी पट्टी कनवटीला लावली.

चौथी गोष्ट लिहायला मला सकाळपासून दुपार झाली आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "पेशंटला कुठला आजार? कसल्या गोळ्या चालू आहेत?" मी म्हटलं, "काही नाही. उपवासाचा अशक्तपणा आहे, कॉफी सोडलीय." पट्टी तेव्हा माझ्या कनवटीलाच होती. भोवती आपल्या लोकांचा घोळका होता, त्यांच्यासमोर मला ती काढता आली नाही. मे महिन्यात मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "अशा पेशंटला त्या औषधाचं इंजेक्शन लगेच दिलं तर बहुतेक वेळा तासाभरात फरक पडतो." आम्ही तिथं साडेचार तास होतो.

आता तुला सगळं माहीत झालं. चेतना तुझ्याशी खोटं बोलली नाही. तिने गोळी मागितली. मी दिली नाही. पप्पांनाही काल रात्रीच सांगितलं. सकाळी उठून त्यांनी चहा स्वतःचा स्वतः केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पाकिटात पट्टी ठेवली आहे. त्यातल्या एका गोळीवरचा कागद फाटलाय, नखाची खूण आहे, गोळी आतच आहे. ती समृद्धीला दाखव. सांग, ही तुझ्या आईच्या नखाची खूण आहे, तुला बेरीज शिकवायला उठायचं होतं तिला. आणि कुणी काढू दिली नाही तेही सांग, माझं नाव घेऊन सांग. मला ती मग आजी म्हणणार नाही. नको म्हणू दे. पण आईला खोटारडी म्हणत मोठी व्हायला नको ती.

आणखी एक. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, हा आजार कधीकधी रक्ताच्या नात्यात असतो. समृद्धी सकाळी उठत नाही, लोणच्याची फोड चोखत बसते, असं तू पप्पांना हसून सांगत होतास. हसू नकोस. तिला आळशी म्हणू नकोस. सकाळी आठला, काही न खाता, तिचं रक्त तपासून घे. तुझ्या आईचं आयुष्यात एवढं एक ऐक.

तिसरी गोष्ट लिहून झाल्यावर मी अवसरीला गेले होते. साळुबाईच्या ओट्यावर बसून हे पत्र तिला वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नाही आणि तिने ऐकायला पाहिजे होतं. चौथी गोष्ट तेव्हा लिहिलेली नव्हती. ती तिला तोंडानेच सांगितली. संपल्यावर म्हणाली, "बाई, माजं बी चुकलं. मी बादली टाकून वरडायला पायजे व्हतं." मग उठली आणि माझ्याबरोबर एस.टी.ने मंचरला आली. आता समोर बसली आहे. पाकीट मी तिच्याच हातात देणार आहे. माझ्याकडे राहिलं तर उद्या सकाळी मी ते फाडीन, मी स्वतःला आता ओळखते.

ती म्हणते, "बाई, लवकर चिकटवा, पोस्ट बंद व्हतंय."

सज्जनबाई